बडोदा, वडोदरा आणि जीवरेणूंचे अल्गोरिदम : पार्श्वभूमी

दांडिया बाजारातल्या मराठी घरांत शहराचे नाव अजूनही ‘बडोदा’ आहे, सरकारी पाट्यांवर मात्र ‘वडोदरा’ असते. ही दोन नावे एकमेकांपासून किती दूर आहेत, हा प्रश्न अल्गोरिदमच्या, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीतींच्या, पहिल्या तासाला विचारण्याजोगा आहे. उच्चारातले स्वर आणि व्यंजने सुटी धरली, तर ‘ब’चा ‘व’ करून ‘द’नंतर ‘र’ घातला की दोन बदलांत काम होते. पूर्ण अक्षर हे एकक मानले, तर तीन बदल लागतात. अशा अंतराची कल्पना व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. त्यांचा विषय संदेशांतील चुका दुरुस्त करणारे संकेत हा होता, जीवशास्त्र नव्हे.

त्याच वर्षी अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या ज्ञात अनुक्रमांचा (प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ, अनुक्रम म्हणजे त्यांचा अक्षरांत लिहिलेला क्रम) संग्रह छापला आणि अनुक्रमांची तुलना करण्यासाठी सामग्री एकत्र मिळू लागली. दोन अनुक्रम रिकाम्या जागा सोडत शेजारी मांडण्याचे पर्याय इतके प्रचंड असतात की एकेक तपासणे अशक्य ठरते. सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी १९७० मध्ये यावर कोष्टकाची पद्धत सुचवली. आज शिकवल्या जाणाऱ्या तिच्या रूपात कोष्टकातील प्रत्येक घर शेजारच्या तीन घरांवरून भरले जाते, म्हणजे एकदा काढलेले उत्तर पुन्हा काढावे लागत नाही. रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात ज्याला ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ हे नाव दिले, ते हेच तत्त्व. पाठ्यपुस्तकातील सुटे पैसे देण्याच्या आणि पोते भरण्याच्या उदाहरणांपेक्षा ते येथे अधिक लवकर पटते, असे माझे मत आहे, कारण येथे प्रश्न खरा असतो आणि चुकीच्या उत्तराला अर्थ उरत नाही.

शिवाय सर्व बदल सारख्या किमतीचे नसतात. ‘ब’चा ‘व’ होणे आपल्या भाषांत नित्याचे आहे, ‘ब’चा ‘ळ’ होणे नाही. प्रथिनांतही काही अमिनो आम्ले एकमेकांची जागा सहज घेतात, काही क्वचितच. डेहॉफ यांच्या गटाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणतक्त्यांनी हा फरक आकड्यांत बसवला. पुढे १९८१ मध्ये टेम्पल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी संपूर्ण अनुक्रमाऐवजी त्यातला सर्वांत चांगला जुळणारा तुकडा शोधण्याची रीत दिली.

दुसरा धागा तुकडे जोडण्याचा. डीएनएचे यंत्राने वाचलेले छोटे तुकडे जोडून मूळ माळ उभी करताना प्रत्येक तुकडा हा बिंदू मानला, तर सर्व बिंदूंना एकदाच भेट देणारी वाट शोधावी लागते आणि अशी वाट शोधण्याची झटपट रीत कोणालाच ठाऊक नाही. पावेल पेवझनर यांनी १९८९ मध्ये मांडणी उलटवली : तुकडा हा रस्ता आणि त्याची टोके हे बिंदू. मग प्रत्येक रस्त्यावरून एकदाच जाणारी वाट पुरते, आणि हा प्रश्न गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांवरून प्रत्येकी एकदाच जाता येईल का, या कोड्याच्या निमित्ताने हाताळलेलाच होता. अवघड प्रश्न सोपा झाला तो संगणकाचा वेग वाढल्यामुळे नव्हे, तर रेखाचित्र बदलल्यामुळे. विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पेवझनर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये ‘रोझालिंड’ हे संकेतस्थळ सुरू केले, ज्याचे नाव डीएनएच्या रचनेवर काम केलेल्या शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिन यांच्यावरून ठेवले आहे. तेथे विद्यार्थी कोणत्याही भाषेत प्रोग्रॅम लिहितो, नवी माहिती उतरवून घेतो आणि पाच मिनिटांत उत्तर देतो. सुरुवातीच्या प्रश्नांत फिबोनाचीचे ससे आहेत : दर महिन्याची जोड्यांची संख्या ही आधीच्या दोन महिन्यांच्या संख्यांची बेरीज. फिबोनाचीने ते १२०२ मध्ये मांडले. पाटणच्या हेमचंद्राचार्यांनी मात्रावृत्तांची मोजदाद करताना तोच नियम त्याआधी सुमारे अर्धशतक दिला होता, त्यामुळे गुजरातेतल्या शिक्षकाने सशांऐवजी लघु-गुरू घेतले तरी प्रोग्रॅम बदलत नाही. पुढच्या एका प्रश्नात ससे ठरावीक महिन्यांनी मरू लागतात. तेथे मात्र छंदशास्त्राची सोबत सुटते.