एक सेंट आजचा, सात सेंट नंतरचे

सोसायटीच्या बिलात देखभाल खर्च आणि सिंकिंग फंड एकाखाली एक छापलेले असतात. पैसे एकाच चेकने जातात, त्यामुळे फरक कळतो तो थेट इमारतीला तडे गेल्यावर. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात जमिनीखाली साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडसाठीही असेच दोन निधी आहेत. दोन्ही २००९च्या एकाच कायद्यातले, दोन्ही भरतात टनामागच्या शुल्कातून. साहजिकच लोक ते एकच समजतात.

पहिला प्रशासकीय निधी. राज्याच्या नियमांत त्यासाठी टनामागे १ सेंट ठेवला आहे. अर्ज तपासणे, परवाना देणे, वायू जमिनीखाली सोडणाऱ्या विहिरींची पाहणी करणे हा प्रकल्प चालू असतानाचा सरकारी खर्च त्यातून भागवायचा. २०१८ साली या विहिरींना परवाने देण्याचा अधिकार केंद्राकडून मिळवणारे हे देशातले पहिले राज्य. अधिकार आला, तसा तपासनिसांचा पगारही गळ्यात आला.

दुसरा विश्वस्त निधी, टनामागे ७ सेंट. याला एवढ्यात हात लावायचा नाही. वायू सोडणे थांबल्यावर किमान १० वर्षे जावी लागतात. साठा स्थिर आहे अशी खात्री पटली की राज्य पूर्णत्वाचा दाखला देते, आणि त्या दिवशी जमिनीखालचा वायू चक्क राज्याच्या मालकीचा होतो. कंपनी मोकळी. त्यापुढची देखरेख या निधीतून करायची.

रकमा किती? याच राज्यातल्या रिचर्डटन गावच्या इथेनॉल कारखान्यात मका आंबवताना निघणारा वायू २०२२पासून मैलभराहून खोल वालुकाश्मात सोडला जातो. वर्षाला साधारण १ लाख ८० हजार टन धरले, तर पहिल्या निधीत १,८०० डॉलर पडतात, दुसऱ्यात १२,६००. तपासनिसाचा महिन्याचा पगारही १,८०० डॉलरमध्ये निघणार नाही! केंद्राच्या २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात राज्यांच्या याच कामासाठी ५ कोटी डॉलर वेगळे ठेवावे लागले, त्यात नवल नाही. ते अनुदान मात्र पहिल्या निधीच्या जातीचे, म्हणजे आजच्या परवान्यांसाठी.

मला खटकतो तो दुसरा निधी. शुल्क सोडलेल्या टनांवर आहे, म्हणजे वायू थांबला की आवकही थांबली. खर्च तर तेव्हा सुरू व्हायचा असतो.