कलाजंग जपान्यांनी आपल्याकडून उचललाय? नाय ओ

सांगलीत कुठल्याबी तालमीच्या कट्ट्यावर बसा, कुणीतरी सांगणारच की ज्युदो या जपानी कुस्तीतले सगळे डाव आपल्या मातीतनं गेले, पुरावा काय तर कलाजंग. आता कलाजंग म्हणजे बघा, समोरच्याचा दंड ओढायचा, त्याच्या बगलेखाली डोकं घालायचं, दुसरा हात त्याच्या मांडीत घालून त्याला पोत्यासारखा आडवा खांद्यावर घ्यायचा आन् टाकायचा. ज्युदोत हाच डाव काता गुरुमा नावानं आहे, हुबेहूब, म्हणून लोकांचा पटकन विश्वास बसतो.

पण तो तिथं गेला कसा हे नीट माहितीय. जिगोरो कानोंनी 1882 ला ज्युदो सुरू केला, त्याच्या आधी जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकत असताना एक जाडजूड जोडीदार त्यांना काय केल्या पडेना, मग त्यांनी लायब्ररीत बसून पाश्चात्य कुस्तीची माहिती वाचली आन् तिथनं हा डाव बसवला. म्हणजे उसना घेतला, पण आपल्याकडून नाय.

आन् आपण तरी कुठं कोरे? कुस्ती, पैलवान हे शब्दच फारसी, मल्लयुद्धात इराणी पद्धत मिसळून आजची कुस्ती झाली. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले, पण 1948 च्या लंडन ऑलिम्पिकआधी मॅटवरची कुस्ती त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन कोचनं शिकवली, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते फ्रीस्टाइल या मॅटवरच्या प्रकारातच. त्यानं खाशाबांची माती तसूभरबी कमी होत नाय.