कॅथीड्रल सीलिंगला इन्सुलेशन घालताना: आधी हवा अडवा, मग थंडी
न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

जानेवारीत चार-पाच दिवस कडाक्याची थंडी पडते. मग एका दुपारी लख्ख ऊन येतं आणि फॅमिली रूमच्या कॅथीड्रल सीलिंगमधून, म्हणजे छपराच्या उताराला लागूनच असलेल्या तिरक्या छतातून, अगदी आढ्याजवळ, पाणी टपकायला लागतं. पाऊस नाही, छपरावर बर्फही नाही. रूफर येतो, शिंगल्स तपासतो, काही सापडत नाही, म्हणून थोडं डांबर फासून जातो. असे फोन आम्हाला दर हिवाळ्यात येतात. अशा वेळी ते पाणी बहुधा बाहेरून आलेलंच नसतं, घरातलंच असतं.

घरात ७० अंश फॅरनहाइट आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर ४५ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं. छपराचं प्लायवूड इथल्या थंडीत त्याच्या बरंच खाली जातं. सपाट छताच्या वर अ‍ॅटिक असतं. तिथे ओल आली तरी वाऱ्याने सुकते, आणि शिडी लावून डोकावता तरी येतं. कॅथीड्रल सीलिंगमध्ये खाली ड्रायवॉल, वर प्लायवूड आणि मधे राफ्टरएवढी (छपराच्या तिरक्या वाशांएवढी), म्हणजे सात ते नऊ इंचांची पोकळी, एवढंच. छतात खोलवर बसवलेल्या (रिसेस्ड) दिव्यांभोवतालच्या फटींतून, पंख्याच्या डब्याच्या कडेने आणि लाकडी फळ्यांच्या सांध्यांतून गरम हवा त्यात शिरते. प्लायवूडमधून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर तिचं दंव साचतं, आणि ऊन पडलं की सगळं एकदम वितळतं. ड्रायवॉल उघडल्यावर ते खिळे गंजलेले आणि प्रत्येकाभोवती काळा डाग दिसला, तर आम्हाला वेगळं काही विचारावं लागत नाही.

आता गोम अशी, की इन्सुलेशन वाढवलं की प्लायवूड आणखी थंड होतं. घरातून निसटणारी ऊबच आजवर ते थोडंफार कोरडं ठेवत होती. फटी तशाच ठेवून नुसती भर घातली, तर हीटिंगचं बिल उतरेल, पण लाकूड कुजायला लागेल. ‘ड्रायवॉलला भोकं पाडून सेल्युलोज (कागदाच्या लगद्याचं सुटं इन्सुलेशन) फुंकून द्या, स्वस्तात होईल’ असं काम आम्ही घेत नाही ते यामुळेच. पोकळी गच्च भरली की वर वारा खेळायला जागा उरत नाही आणि फटी मात्र जिथल्या तिथे राहतात.

मग करायचं काय?

शिंगल्स जुने झाले असतील, तर सगळ्यात उत्तम उपाय छपरावरून आहे. जुने शिंगल्स काढायचे, प्लायवूडवर पॉलीआयसोच्या (एक प्रकारच्या कडक फोमच्या) जाड पाट्या बसवायच्या, त्यावर पुन्हा प्लायवूड आणि नवे शिंगल्स. पाट्या वर असल्याने खालचं प्लायवूड उबदार राहतं आणि दंव धरत नाही. पाट्यांची जाडी अंदाजाने ठरवून चालत नाही. बिल्डिंग कोडनुसार राज्याच्या दक्षिणेकडच्या उबदार भागात त्यांचा वाटा किमान आर-१५ लागतो, उत्तरेकडच्या थंड भागात आर-२० (‘आर’ म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा जितका मोठा तितकं चांगलं). ही पद्धत वापरताना सॉफिट (छपराच्या पुढे आलेल्या कडेची खालची बाजू) आणि रिज (आढं) इथली जुनी हवेची तोंडं बंद करावीच लागतात, नाहीतर थंड वारा पाट्यांच्या खालून फिरतो आणि वरचा खर्च वाया जातो. ही चूक आम्ही दुसऱ्यांच्या कामात बऱ्याचदा पाहतो.

शिंगल्स अजून चांगले असतील, तर काम आतून. ड्रायवॉल काढायचं, सॉफिटपासून रिजपर्यंत प्लायवूडच्या खाली किमान एक इंच वाट मोकळी ठेवायची, उरलेल्या पोकळीत बॅट (इन्सुलेशनची मऊ गादी) घालायची आणि राफ्टरच्या खालून फोमच्या पाट्या लावून त्यांचा प्रत्येक सांधा टेपने बंद करायचा. वर नवं ड्रायवॉल. ते लागतंच, कारण फोम उघडा ठेवणं आगीच्या दृष्टीने चालत नाही. छत दोन-तीन इंच खाली येतं. स्कायलाइट किंवा छपराची व्हॅली (दोन उतार जिथे आत मिळतात ती खाच) मधे आली, की ती एक इंचाची वाट तिथेच अडते. अशा पोकळ्यांत प्लायवूडला थेट क्लोज्ड-सेल स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा, हवा न जाऊ देणारा फोम) मारावा लागतो. तो महाग आहे, आणि मारल्यावर साधारण २४ तास घराबाहेर राहावं लागतं.

कुठलीही पद्धत घेतली तरी ते रिसेस्ड दिवे काढून पातळ, हवाबंद दिवे लावा. छताच्या आतून प्लास्टिकचा कागद मात्र लावू नका. इथल्या दमट उन्हाळ्यात एसी चालू असताना त्याच्या वरच्या बाजूला ओल धरते, आणि तिला खाली सुकायला वाट राहत नाही.

आता थोडं आपल्या स्वयंपाकाबद्दल. कुकरच्या शिट्ट्या, इडलीचं भांडं, तासभर उकळणारी आमटी, हिवाळ्यात बेसमेंटमध्ये वाळत घातलेले कपडे, वर ह्युमिडिफायर. ही सगळी वाफ त्याच छताकडे जाते. बऱ्याच घरांतला हूड हवा गाळून पुन्हा घरातच सोडतो. त्याची हवा भिंतीबाहेर काढून घ्या. बाथरूमच्या पंख्याचा पाइप राफ्टरच्या पोकळीतच सोडलेला नाही ना, तेही बघा. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक आणून दिवाणखान्यात ठेवा, आणि थंडीत आकडा ३० ते ४० च्या मधे राहू द्या.

पहिल्या भेटीत आम्ही आधी ब्लोअर डोअर (बाहेरच्या दारात बसवायचा मोठा पंखा) लावून घरात हवेची ओढ निर्माण करतो आणि थर्मल कॅमेऱ्याने फटी शोधतो. मग आढ्याजवळ छोटी खिडकी पाडून प्लायवूडची ओल मोजतो. १६ टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जातो, २० च्या वर असेल तर आधी कारण शोधून ते सुकवतो. त्या दरम्यान असेल तर थांबून पुन्हा मोजतो. टाउनशिपचं परमिट आम्ही काढतो. तुम्ही शिंगल्स कधी बसवले याची पावती आणि छतावरच्या डागांचे जुने फोटो काढून ठेवा. कॅमेऱ्याला आत-बाहेर निदान वीस अंशांचा फरक लागतो, त्यामुळे डिसेंबर ते मार्चमधली सकाळची वेळ घेतलेली बरी.