लेक जिंकते ती हात फास्ट असतात म्हणून नाही

आमच्याकडे रोज संध्याकाळी गाड्यांच्या रेसचा गेम चालतो, मी आणि माझी आठ वर्षांची लेक, एकच सोफा, एकच टीव्ही, आणि रोज मीच हरते. हरते म्हणजे थोडक्यात वगैरे नाही, पार धुलाई. बघणारा प्रत्येक जण एकच वाक्य टाकतो, "अगं लहान मुलांचे रिफ्लेक्सेस फास्ट असतात, आपलं वय झालं आता." मीही बरेच दिवस हेच धरून चालले होते. पण गंमत म्हणजे खरी गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे.

खोटं वाटत असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. तुम्ही वरच्या टोकाला धरून उभी लटकवा, मुलाने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, तुम्ही न सांगता सोडायची, त्याने चिमटीत पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली त्यावरून वेळ निघतो, शाळेतलंच सूत्र, अंतर म्हणजे अर्धा गुणिले जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) गुणिले वेळेचा वर्ग. २० सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.२० सेकंद, पूर्ण ३० म्हणजे जवळपास ०.२५. आठ-दहा वेळा करा, एकदा करून निकाल लावू नका. आमच्या घरी मी २० सेंटिमीटरच्या आसपास पकडते आणि लेकीच्या हातून पट्टी बऱ्याचदा सरळ जमिनीवर.

कारण लहान मुलांचा प्रतिक्रियेचा वेळ मोठ्यांपेक्षा जास्त असतो. तो वयाबरोबर कमी होत जातो, विशीच्या आसपास सगळ्यात चांगला असतो, आणि मग हळूहळू परत वाढायला लागतो. स्टारक्राफ्ट २ हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांचा एक अभ्यास २०१४ साली आला होता, त्यात ही घसरण २४ व्या वर्षापासूनच दिसली. म्हणजे आईबाबा उताराला लागलेत हे खरं, पण उतार सौम्य आहे आणि लेकरू अजून चढच चढतंय.

मग ती जिंकते कशी? इथून पुढे माझा आवडता भाग आहे, जरा लांबणार.

स्क्रीनवर वळण दिसलं की डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत खबर जायलाच कित्येक मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) जातात, मग काय करायचं ते ठरवायचं, मग हुकूम बोटाकडे सोडायचा. हाताच्या नसांमधून संदेश साधारण सेकंदाला ५० मीटरने धावतो, म्हणजे मेंदू ते बोट एका मीटरला २० मिलिसेकंद. सगळं मिळून पाव सेकंद धरा. गेममधली गाडी ताशी १०० किलोमीटरने पळत असेल तर पाव सेकंदात ती ७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे "दिसलं की दाबायचं" या पद्धतीने खेळणारा माणूस कायम ७ मीटर मागे राहून गाडी चालवतो. तो माणूस म्हणजे मी.

वर आणखी एक भुर्दंड. डाँडर्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये लोकांच्या पायाला विजेचा हलका झटका देऊन बघितलं, ज्या बाजूच्या पायाला बसला त्या बाजूच्या हाताने उत्तर द्यायचं. कुठल्या पायाला बसणार हे आधी माहीत नसेल तर सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग जास्त लागला. नुसतं डावं की उजवं ठरवण्याचा हा खर्च! माझ्या हातात तर बारा बटणं, आणि उडीचं कुठलं हे मी अजून खाली बघून शोधते.

लेक वळण दिसायची वाटच बघत नाही. तिचा मेंदू पुढचं चित्र आधीच काढून ठेवतो. याला फॉरवर्ड मॉडेल म्हणतात आणि त्यात मोठा वाटा लहान मेंदूचा, डोक्याच्या मागे खाली असतो तो. हाताला हुकूम सोडताना मेंदू त्याची एक कॉपी स्वतःकडेच ठेवतो आणि त्यावरून अंदाज बांधतो की आता काय दिसेल, काय जाणवेल. खरी खबर आली की अंदाजाशी ताडून बघायचं, जुळलं तर पुढे चला, फरक पडला तर तेवढंच दुरुस्त करायचं. घरीच बघा, एक डोळा झाकून दुसऱ्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा पापणीवरून अगदी हलकेच दाबा, सगळी खोली हलेल. पण तोच डोळा स्वतः फिरवला तर खोली जागची हलत नाही, कारण त्या हालचालीचा हिशोब मेंदूने आधीच वजा केलेला असतो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्याचंही हेच कारण. एका प्रयोगात लोकांना यंत्रामार्फत स्वतःच्याच तळहाताला गुदगुल्या करायला लावल्या आणि मध्ये मुद्दाम ०.१ ते ०.३ सेकंद उशीर घातला, तर उशीर वाढेल तशा गुदगुल्या वाढत गेल्या. अंदाज आणि खबर यांची वेळ चुकली की मेंदूला वाटतं हे आपण केलंच नाही.

इथेच टीव्हीचा मुद्दा येतो. बरेच टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात ते दाखवायला उशीर करतात, कधीकधी ०.१ सेकंदापर्यंत. सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू केला की बराचसा उशीर जातो. नवशिक्या आईबाबांना "मी दाबलं होतं गं!" असं वाटतं ना, त्यात कधीकधी तथ्य असतं. आणि सोफ्यावरून आपण "उडी मार, उडी मार" ओरडतो त्याचा का उपयोग होत नाही हेही कळलं असेल, आपण बघणार, बोलणार, ती ऐकणार, तोवर खड्डा कधीच मागे गेलेला असतो.

हे मॉडेल बनतं फक्त चुकांमधून, शेकडो वेळा भिंतीवर आपटून, आणि ते त्या गेमपुरतंच असतं. म्हणून "आमचा गेम खेळा, बुद्धी वाढवा" वाल्या जाहिराती दिसल्या की मला हसू येतं. अशाच दाव्यांवरून ल्युमॉसिटी या ब्रेन ट्रेनिंग अ‍ॅपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) तडजोड करत २० लाख डॉलर भरावे लागले होते. खेळायचं ते मजा येते म्हणून, बुद्धीला कशाला मध्ये ओढायचं.

सरावलेला आणि नवशिका यांच्यातली ही दरी गेम बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. मारिओ कार्ट या रेसच्या गेममध्ये मागे पडलेल्याला जास्त जोरदार वस्तू मिळतात, पहिल्या नंबरवाल्याला शोधून ठोकणारं ते बदनाम निळं कवच १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ मध्ये आलं. मला ते मिळालं की लेकीचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मग परवा मी एक चाचणी घेतली. आम्ही दोघींनी कधीच न बघितलेला ट्रॅक निवडला. अंदाज बांधायला काहीच नाही म्हटल्यावर दोघीही "दिसलं की दाबा" वर, आणि पहिल्या लॅपला मी चक्क पुढे! दुसऱ्या लॅपला ती माझ्या मागोमाग. तिसऱ्या लॅपला एका आंधळ्या वळणावर, वळण दिसायच्या आधीच, तिचा अंगठा दाबला गेलेला मी पाहिला, आणि ते बघायच्या नादात मी भिंतीवर.

"आई, समोर बघ ना!"