पार्श्वभूमी: गोव्यातल्या वस्त्या आणि तीन लाखांची अट

गावच्या जमिनीबद्दल कोणी बोलायचं, हे गोव्यात गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकरी संस्थेनं पोर्तुगीज येण्याच्याही आधी ठरवून टाकलं होतं. गावकर, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले पुरुष बोलत, बाकीचे ऐकत. मुक्तीनंतर 1975च्या कायद्यानं भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हुसकावणीपासून संरक्षण मिळालं. मात्र बंदर, खनिज नि बांधकामांमागोमाग कर्नाटक, आंध्र, महाराष्ट्रातून मजूर येतच राहिले. वास्कोचा बायणा, मडगावचा मोतीडोंगर, चिंबलचं इंदिरानगर इथे त्यांच्या वस्त्या वाढल्या. ही माणसं ना गावकर, ना मुंडकार. वीज आली, नळ आला, मतदार यादीत नाव चढलं. पायाखालच्या जमिनीचा कागद बहुतेकांकडे नाहीच. मग सुधारणा म्हणजे गटार नि पायवाट, तीही निवडणूक जवळ आली की.

74वी घटनादुरुस्ती 1993मध्ये लागू झाली. प्रभाग समित्यांतून नागरिकांनी कारभारात यावं, हा तिचा एक हेतू. पण समितीची सक्ती आहे ती तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या पालिकांना. 2011च्या जनगणनेत वास्को जिच्यात येतं त्या मुरगाव पालिकेत साधारण 94 हजार माणसं, पणजीत जेमतेम 40 हजार. गोव्यातली एकही पालिका त्या अटीत बसत नाही! खेड्याला निदान ग्रामसभा तरी आहे.

ग्रामसभा असली की काय होतं, हे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याच्या वेळी दिसलं. गोवा बचाव अभियान या नागरिकांच्या चळवळीच्या रेट्यामुळे 2007मध्ये सरकारला 2011पर्यंतचा आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या, 2021पर्यंतच्या आराखड्याच्या कृती दलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. त्याचे नकाशे पंचायतींकडे गेले. सेटलमेंटचा, म्हणजे बांधकामाला मोकळीक असलेल्या जमिनीचा रंग खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतीवर, चढलाय की डोंगरउतारावर, हे लोक बोट ठेवून सांगू लागले. 2012मध्ये सरकार बदललं आणि आराखडाच स्थगित झाला, ही गोष्ट वेगळी.

बायण्याच्या वाट्याला असा नकाशा कधी आलाच नाही. तिथल्या देहविक्रयाच्या खोल्यांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, 2003मध्ये आदेश झाला आणि जून 2004मध्ये, पावसाच्या तोंडावर, बुलडोझर फिरला. आधी पुनर्वसन की आधी पाडापाडी, हा वाद तोवर मिटलेला नव्हता.

शहरांना निधी देणाऱ्या केंद्राच्या 2005च्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात पणजी होती. लोकसहभागाचा कायदा करणं ही त्या निधीमागची एक अट. 2016मध्ये पणजी स्मार्ट सिटीसाठी निवडली गेली. तिथेही प्रस्तावाआधी नागरिकांचं मत घेणं बंधनकारक होतं. पुढे शहरभर खोदकाम सुरू झालं, आणि धुळीनं हैराण झालेल्या रहिवाशांना दाद मागायला उच्च न्यायालयच गाठावं लागलं. एप्रिल 2024मध्ये न्यायमूर्ती स्वतः ती कामं पाहायला रस्त्यावर उतरले.