पहिल्या लेनमधलं पाणी

चारशे मीटरची धावपट्टी डोळ्यांना सपाट दिसते, पण ती तशी नसते. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तिला आतल्या बाजूकडे शंभरास एकपर्यंत उतार देण्याची मुभा नियमात आहे. एक लेन १.२२ मीटर रुंद, आठ लेन मिळून पावणेदहा मीटर. म्हणजे बाहेरच्या कडेपेक्षा आतली कड जवळजवळ दहा सेंटिमीटर खाली असू शकते. सर कोसळली की आठव्या लेनवर पडलेलं पाणीही वाहत पहिल्या लेनकडे येतं. सिंथेटिक धावपट्टीच्या कडेला त्यासाठी गटार असतं. मातीच्या मैदानावर पहिली लेन म्हणजे ओहोळ.

काही वर्षांपूर्वी गोव्यातल्या अशाच एका मातीच्या मैदानावर, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी वेळाधिकाऱ्यांच्या हाताखाली राबत होतो. ऑक्टोबरचा शेवट होता. सकाळी ऊन पडलं होतं, म्हणून मैदान आखून घेतलं. दुपारी दोनच्या सुमारास पूर्वेकडून, घाटाच्या बाजूने आभाळ भरून आलं आणि अर्ध्या तासात चुन्याच्या सगळ्या रेषा पांढऱ्या पाण्यात विरघळल्या. पाऊस थांबल्यावर रेषा पुन्हा मारल्या. मुलींच्या चारशे मीटरमध्ये जिच्या चिठ्ठीवर पहिली लेन आली, ती घोट्यापर्यंत पाण्यातून धावली. शेवटच्या शंभर मीटरमध्ये तिच्या स्पाईक्सखालून उडणारा लाल चिखल तिच्याच पाठीवर बसत होता. विद्यापीठाच्या संघातली जागा तिच्या हातून थोडक्यात गेली. शर्यत पुन्हा झाली नाही. पुढचा आठवडाभर आभाळात ढग नव्हता.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पावसाला दोष देण्यात अर्थ नाही, तो त्याच्या वेळेवर येतो. आपल्या निवड स्पर्धा नेमक्या त्याच वेळेवर कशा येऊन बसल्या, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला तेव्हा इथे पदवी महाविद्यालयं अशी नव्हतीच. १८४२ पासून चालत आलेलं वैद्यकीय विद्यालय होतं, लिसेव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा होती. कला-विज्ञानाचं शिक्षण घ्यायचं तर मुंबई, धारवाड, बेळगाव, नाहीतर थेट लिस्बन. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झालं, पाठोपाठ म्हापशात सेंट झेवियर्स आलं. ही सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे इथल्या धावपटूला विद्यापीठाचा बनियन हवा असेल, तर त्याची गाठ अख्ख्या मुंबईशी होती. पणजी-मुंबई बोट पावसाळ्यात बंद. रेल्वे म्हणजे दूधसागरच्या घाटातून लोंढ्यामार्गे जाणारी मीटरगेज गाडी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. त्या काळातले जुने शिक्षक सांगतात, की मुंबईला पोहोचेपर्यंतच पायांतली निम्मी ताकद संपलेली असायची.

१९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं आणि चित्र पालटलं. छोट्याशा प्रदेशाला स्वतःचा विद्यापीठ संघ मिळाला. ही फार मोठी गोष्ट होती, आणि ती मोठी होती असं आजही माझं ठाम मत आहे. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या मुलाला आता घरापासून दोन-अडीच तासांवर निवड होण्याची संधी होती. पण एक अडचण सोबत आली. निवडीची सगळी भिस्त वर्षातल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेवर येऊन पडली. त्या एक-दोन दिवसांत जे होईल ते होईल.

आणि ते दिवस निवडण्याचं स्वातंत्र्य आपल्याला फारसं नाही. देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ ठरवतो. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेली ही संस्था. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धा साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान होते. गेल्या काही वर्षांत ती अनेकदा कर्नाटकातल्या मूडबिद्रीला झाली. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आल्या आणि त्यांची दारंही या स्पर्धेतल्या कामगिरीवरच उघडू लागली, त्यामुळे तिचं वजन आणखी वाढलं. आता उलटं मोजत या. डिसेंबरात संघ न्यायचा, त्याआधी सराव शिबिर, त्याआधी नावं पाठवायची. म्हणजे निवड ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यातच सेमिस्टरच्या परीक्षा, चतुर्थीची आणि दिवाळीची सुट्टी. जून ते सप्टेंबर मैदानावर पाय ठेवायची सोय नसते, कारण त्या चार महिन्यांत गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुलं जिमखान्याच्या पायऱ्या चढून-उतरून, नाहीतर रस्त्यावर धावून दिवस काढतात. डांबरी रस्त्याने नडग्या दुखावतात, ते वेगळंच.

हवामान खात्याच्या हिशेबात नैर्ऋत्य मोसमी पाऊस गोव्यातून ऑक्टोबरच्या मध्याला परततो. आपल्या शेतकऱ्याचा हिशेब नक्षत्रांचा आहे, आणि मैदानासाठी मला तोच जास्त उपयोगी वाटतो. हस्त सप्टेंबरच्या शेवटी लागतो, मग चित्रा, आणि ऑक्टोबरच्या चोवीस तारखेच्या आगेमागे स्वाती. आषाढाचा पाऊस दिवसभर एका लयीत पडतो. हस्त-चित्राचा तसा नाही. सकाळी चटका बसवणारं ऊन, दुपारी घाटावर ढगांचे डोंगर, संध्याकाळी गडगडाट आणि विजा. सकाळचं आभाळ पाहून घेतलेला निर्णय दुपारी चुकतो तो यामुळेच.

शिवाय अरबी समुद्र. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात काही तासांच्या पावसाने पूर आणून घरंदारं वाहून नेली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळाने गोव्याला झोडपलं. नांगर तुटलेलं नाफ्थावाहू जहाज दोनापावलच्या खडकांवर येऊन रुतलं, ते तेव्हाच. तिथून बांबोळीचं ॲथलेटिक स्टेडियम किती लांब? गाडीने फार तर पंधरा मिनिटं. या तिन्ही तारखा आपल्या निवडीच्या हंगामातल्या आहेत.

बांबोळीच्या या स्टेडियमने खूप काही बदललं, हे मान्यच करायला हवं. लुसोफोनिया स्पर्धा नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हायच्या होत्या. सुविधांची कामं राहिल्याने त्या जानेवारी २०१४ मध्ये झाल्या, आणि पोर्तुगीज भाषिक देशांचे धावपटू बांबोळीच्या सिंथेटिक धावपट्टीवर धावले. पुढे अनेकदा लांबलेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात गोव्यात झाल्या, तेव्हाही मैदानी स्पर्धा इथेच रंगल्या. स्वाती नक्षत्रात! ज्यांनी चुना आणि फावडं घेऊन मैदानं आखली आहेत, त्यांना त्या लाल पट्ट्याकडे पाहून काय वाटलं असेल, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

पण सिंथेटिक धावपट्टी चिखलावरचं औषध आहे. वारा आणि वीज यांच्यावर तिचा इलाज चालत नाही.

वाऱ्याचं आधी सांगतो. १९३६ पासून आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की शंभर-दोनशे मीटर, सरळ पट्ट्यावरच्या अडथळा शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरला जात नाही. वारामापक अंतिम रेषेपासून पन्नास मीटरवर, पहिल्या लेनच्या बाजूला, जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर ठेवतात. शंभर मीटरला तो दहा सेकंदांचा वारा मोजतो, लांब उडीला पाच सेकंदांचा. मात्र क्रमांक कायम राहतो. एप्रिल २०२२ मध्ये कालिकत विद्यापीठाच्या मैदानावर फेडरेशन चषकात जेस्विन ऑल्ड्रिनने ८.३७ मीटर उडी मारली, तेव्हा वारा ४.१ होता. त्याच स्पर्धेत श्रीशंकरची ८.३६ मीटरची उडी मर्यादेतल्या वाऱ्यात झाली. सुवर्ण ऑल्ड्रिनला, राष्ट्रीय विक्रम श्रीशंकरला. एका सेंटिमीटरचा फरक, आणि दोघांना दोन वेगळी फळं.

गोव्यात कोरड्या दिवसांत दुपारकडे समुद्राचा खारा वारा सुरू होतो. सकाळी नऊची हीट, म्हणजे प्राथमिक फेरीतली शर्यत, आणि दुपारी तीनची हीट एकाच तराजूत तोलता येत नाहीत. निवड क्रमांकावर होत असेल तर फरक पडत नाही, कारण वारा सगळ्यांच्या पाठीला सारखाच. पण दोन हीट्समधल्या वेळा एकमेकींशी ताडून अंतिम फेरीची नावं काढली, की ज्यांच्या हीटमध्ये वारा छातीवर आला त्यांच्यावर अन्याय होतो. वारामापकाचा आकडा निकालाच्या कागदावर वेळेशेजारी छापावा, एवढंच माझं म्हणणं. लहान स्पर्धांत मी तो रकाना कोराच पाहिला आहे.

वेळेवर निवड की क्रमांकावर, या प्रश्नाशी अमेरिकेतली महाविद्यालयं फार काळ झुंजली. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, म्हणजे एनसीएएची, पहिली मैदानी अजिंक्यपद स्पर्धा १९२१ मध्ये शिकागोत झाली. पुढे बराच काळ ठरलेली वेळ किंवा अंतर गाठणाऱ्यांना थेट अंतिम स्पर्धेची दारं उघडी होती. त्यामुळे उबदार हवेच्या कॅलिफोर्निया-टेक्सासमध्ये वेळ काढायला धाव घ्यायची आणि थंडी-पावसाच्या उत्तरेकडच्या मुलांनी मागे पडायचं, असं होणं साहजिक होतं. २००३ मध्ये चार विभागीय पात्रता स्पर्धा आल्या, २०१० पासून पूर्व आणि पश्चिम अशा दोन. हंगामातल्या उत्तम कामगिरीवरून बहुतेक प्रकारांत प्रत्येक विभागात ४८ जण, आणि तिथून बारा पुढे. यातला हंगामातल्या उत्तम कामगिरीचा भाग मला मोलाचा वाटतो. एक दिवस वाया गेला तरी वर्ष वाया जात नाही.

आणि तिथे नुसत्या पावसाने स्पर्धा थांबत नाही. जून २०१८ मध्ये ओरेगनच्या यूजीनला भर पावसात अठरा वर्षांच्या सिडनी मॅकलॉफलिनने चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ५३.९६ सेकंदांत जिंकली. वीज मात्र स्पर्धा थांबवते. साधारण दहा किलोमीटरच्या आत वीज आली की सगळे मैदानाबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कोणी परतायचं नाही. पुन्हा गडगडलं, की ती तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. हिशेब सोपा आहे. वीज चमकल्यापासून आवाज पोहोचायला तीस सेकंद लागले तर ती दहा किलोमीटरवर पडली.

आपल्याकडे मैदान बहुधा सड्यावर असतं. जांभ्या दगडाचं उघडं पठार, झाड विरळ, मध्ये पोलादी भाले, लोखंडी खांब आणि भिजलेली मुलं. विजा सुरू झाल्या की सगळे मंडपात धावतात, आणि तिथेच चूक होते. कापडी मंडप, त्याचे लोखंडी खांब, हा निवारा नाही. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली बस, एवढाच निवारा. कॉलेजच्या बसगाड्या मैदानाबाहेर उभ्याच असतात, चालकांना तेवढं आधी सांगून ठेवावं लागतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर विजेचा इशारा देतं. स्टार्टरच्या शेजारी ते उघडून बसलेला एक माणूस असायला काय हरकत आहे?

याहून जास्त मी मागत नाही. परिपत्रकात एक राखीव दिवस, आणि दुपारच्या गडगडाटाआधी सगळ्या अंतिम शर्यती उरकतील असं वेळापत्रक. मी ज्या स्पर्धांना राबलो त्यांपैकी फार थोड्यांच्या परिपत्रकात राखीव दिवस होता.

पहिल्या लेनमधून धावलेली ती मुलगी आता एका शाळेत मुलांना पळायला शिकवते. गेल्या वर्षी एका मैदानावर भेटली. मुलं चेस्ट नंबर लावत होती, तेव्हा ती चपला हातात घेऊन पहिल्या लेनमधून सावकाश चालत होती, जमीन तळव्यांनी चाचपत. दोनशे मीटरच्या वळणावर थांबली, वाकली आणि तिथे ओंजळभर वाळू टाकायला माळ्याला हाक मारली.