कुंग फू, वुशु, ताई ची: ही नावं आली कुठून?

आपल्याकडे कुंग फू-कराटे एका दमात म्हणायची सवय आहे, क्लासच्या बोर्डवर पण तसंच रंगवलेलं असतं. पण कराटे ओकिनावा-जपानचं, आणि चिनी भाषेत कुंग फू म्हणजे मुळात मारामारी नाहीच! गोंगफू (कुंग फूचाच चिनी उच्चार) म्हणजे वेळ देऊन, घाम गाळून अंगात मुरलेलं कसब, आपण 'हात बसलाय' म्हणतो ना, तसलं. दक्षिण चीनमध्ये निगुतीने केलेल्या चहाला पण गोंगफू चहा म्हणतात, आता त्यात लाथाबुक्क्या कुठून येणार. मारामारीवाला अर्थ जगभर पसरला तो 1970 च्या आसपास, हाँगकाँगचे पिक्चर आणि ब्रूस ली यांच्यामुळे.

लढायच्या विद्येला खरा शब्द वुशु. वु म्हणजे युद्धाचं, शु म्हणजे कला. वु च्या अक्षरात 'थांबणं' आणि 'शस्त्र' अशी दोन चिन्हं आहेत म्हणून 'शस्त्र थांबवणारी विद्या' असा अर्थ मास्तर लोक सांगतात, फार जुना अर्थ आहे आणि ऐकायला भारी वाटतो, पण ते थांबण्याचं चिन्ह मुळात पाऊल होतं, म्हणजे शस्त्र घेऊन चाल करून जाणं. अगदी उलटंच की!

मध्ये राजकारण पण घुसलं. 1928 मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारने नानजिंगला मध्यवर्ती संस्था काढली आणि नाव दिलं गुओशू, म्हणजे राष्ट्रीय कला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे प्रात्यक्षिकं पण झाली. 1949 नंतर कम्युनिस्टांनी वुशु शब्द धरला आणि मार्क देता येतील असा खेळ करून टाकला, राष्ट्रवादी तैवानला गेले म्हणून गुओशू तिथे राहिलं.

ताई ची, म्हणजे ती संथ हालचालींची चिनी विद्या, तिच्यातला ची म्हणजे श्वास-प्राणवाला ची नव्हे बरं का, ती गल्लत सगळेच करतात. पूर्ण नाव ताइजीच्युआन, ताइजी म्हणजे यिन-यांग (एकमेकांच्या उलट पण पूरक अशा दोन शक्ती) जिथून निघतात ते परमतत्त्व आणि च्युआन म्हणजे मूठ.

कुंग फूसाठी गाजलेल्या शाओलिन मठाचं नाव तर साधं जागेचं, शाओशी डोंगरातलं जंगल. हेनान प्रांतातला हा मठ पाचव्या शतकाच्या शेवटी एका भारतीय भिक्षूसाठी बांधला, पण तो बोधिधर्म, म्हणजे झेन पंथाचा मूळपुरुष मानला जाणारा भारतातला भिक्षू, नव्हे. बोधिधर्माने तिथे कुंग फू शिकवलं हे आपल्याकडे छाती फुगवून सांगतात, पण त्याला व्यायामाशी जोडणारा मजकूर सापडतो थेट सतराव्या शतकात, म्हणजे तो होऊन गेल्यावर हजारेक वर्षांनी.